तुझ्या वाक्यांच्या सुरुवाती

उत्तम,

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी तुला 'प्रभावी वक्ता' म्हटलं.

ते कोण, मला माहीत नाही. सूत्रसंचालकाने त्यांची चार पदं सांगितली, त्यातली दोन माजी होती. माइक हातात आल्यावर ते म्हणाले, "उत्तमराव बोलायला उभे राहिले की सभा स्तब्ध होत असे." यात खोटं काही नव्हतं. सभा स्तब्ध व्हायचीच. तू पहिल्याच शब्दावर अडकायचास आणि अख्खं सभागृह आपापल्या चपलांकडे बघायला लागायचं. मला इतकं हसू आलं की मी मान डावीकडे वळवली. बावीस वर्षं ऑफिसातल्या प्रत्येक निरोप समारंभात, प्रत्येक साहेबाच्या भाषणात तू माझ्या डाव्या हाताला बसलेला असायचास. या वेळी तिथे सोसायटीची प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि तिच्यावर कुणीतरी हेल्मेट ठेवलं होतं.

मग हसू गेलं.

नाक्यावर तुझा फ्लेक्सही लागलाय. तुझा पासपोर्टचा फोटो ताणून मोठा केलाय, त्यामुळे तू कुणावर तरी चिडल्यासारखा दिसतोस. खाली शोकाकुलांचे फोटो आहेत. ते तुझ्यापेक्षा मोठे आहेत आणि सगळे नमस्कार करून हसतायत. आपण तिथून चालत गेलो असतो तर तू थांबून म्हणाला असतास, "अरे बापट, यात मे... मे..." आणि मी म्हटलं असतं, "मेलंय कोण ते कळत नाही, असंच ना?" तू मान हलवली असतीस. मग आपण पुढे गेलो असतो आणि तुला तेच म्हणायचं होतं असं मी धरून चाललो असतो.

कार्यक्रमात मलाही बोलायला लावलं. मी सहा मिनिटं बोललो, न अडखळता. कमलवहिनी नंतर म्हणाल्या, "भाऊजी, तुमी लई छान बोललात." मी आयुष्यभर सरकारी परिपत्रकांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर केलं. नसलेल्या अर्थाला वाक्य कसं पुरवायचं हे मला येतं. वहिनींना हे कसं सांगणार?  तुझी मुलगी मैत्री मात्र माझ्याकडे नुसतं बघत होती.

आज शनिवार. तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. या आठवड्यात जे झालं ते तुला सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मी ते नीट सांगेन, आणि नीट सांगितलेल्या गोष्टींचा मला आता कंटाळा आलाय.

कॉलेजबद्दल आपण वर्षभर भांडलो. खरं तर मी भांडलो आणि तू सुरुवाती केल्यास.

मैत्रीने ते कुठून शोधून काढलं कोण जाणे. घाट ओलांडून पलीकडे माळावर असलेलं छोटंसं कॉलेज. एका वर्षाला जेमतेम शंभर मुलं, सगळी तिथेच राहणारी, शिक्षकही तिथेच राहणारे. पहिली दोन वर्षं इतिहास, गणित, जीवशास्त्र, तत्त्वज्ञान, सगळं थोडं थोडं शिकायचं आणि मग एक विषय धरायचा. मी म्हटलं, ही भेळ झाली. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर एक झाड होतं आणि झाडाखाली पाच मुलं एका पुस्तकाकडे बघून हसत होती. मी म्हटलं, पुस्तकाकडे बघून इतकं हसणाऱ्या माणसाने ते वाचलेलं नसतं. खाली लिहिलं होतं, 'आम्ही उत्तरं देत नाही, प्रश्नांसोबत जगायला शिकवतो.' मी म्हटलं, उत्तम, आपल्या ऑफिसातही कुणाला उत्तर मिळत नाही, पण आपण त्याची जाहिरात केली नाही कधी.

तू हसायचास. तुझ्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली, आपण दोघं आणि दाराआड मैत्री. ती दाराआड आहे हे मला माहीत होतं. सतरा-अठरा वर्षांचं हुशार श्रोतेमंडळ मिळाल्यावर माझी जीभ जरा जास्तच चालायची, हे आता कबूल करतो.

"तिथे मोठ्या घरांतली मुलं गरिबीवर निबंध लिहितात," मी म्हणायचो. "तुझी पोरगी त्यांना संदर्भग्रंथ म्हणून लागेल."

"अरे, पण ती ज... जर..."

"जर टिकली तर? टिकेल रे, हुशार आहे. पण टिकून होणार काय? विचारवंत? आपल्याकडे विचारवंताची जागा मंजूर नाही."

तू परत हसायचास. किंचित उशिरा. तो उशीर मी तुझ्या बोलण्याच्या खाती टाकत आलो.

अर्जाची तर तू फाइलच केलीस. सगळं ऑनलाइन होतं, कॉलेजला एक कागदही नको होता, पण रेकॉर्डरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाला न छापलेल्या गोष्टीवर विश्वास कसा बसणार? तू प्रत्येक पान छापलंस, उजव्या कोपऱ्यात लाल शाईने पानांचे आकडे घातलेस, डावीकडे भोक पाडून टॅग ओवलास, दाखल्यांच्या झेरॉक्सवर शेजारच्या साहेबांकडून 'सत्यप्रत' असे शिक्के मारून घेतलेस. मैत्री म्हणाली, "पप्पा, हे कुणी बघणार पण नाहीये." तू म्हणालास, "अ... असू दे." हे वाक्य तुला चांगलं जमायचं. छोटं होतं.

निबंधाचा एक विषय होता: तुमचं मत बदललं असा प्रसंग लिहा. मी म्हटलं, अठराव्या वर्षी मत असतं कुठे बदलायला? तू माझ्याकडे वळलास. "तु... तुझं कधी..."

"माझं कधीच बदललं नाही," मी म्हटलं, "म्हणून तर मला तिथे प्रवेश मिळणार नाही."

दाराआडून मैत्रीही हसली. मी खूश झालो.

तिने दुसरा निबंध तुझ्यावर लिहिला होता. पावणे गावातली एक म्हातारी तुझ्याकडे यायची, आठवते? जमीन गेली त्याला दोन पिढ्या झाल्या, आता तिथे कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत, पण तिला सासऱ्याच्या नावाचा कागद हवा होता. बाकीच्या टेबलांनी तिला वर्षभर पुढच्या सोमवारी बोलावलं. तू तिला स्टुलावर बसवलंस, आत गेलास आणि बासनातून कागद घेऊन आलास. तू काहीतरी सांगायला लागलास तर ती म्हणाली, "तू बोलू नको पोरा. कागद हाय ना? मंग झाला." मैत्रीने हे सगळं लिहिलं होतं. मी ते लाल पेनाने तपासलं. 'म्हातारी'चं 'वृद्ध प्रकल्पग्रस्त महिला' केलं, शेवट उंच केला, दोन ठिकाणी 'सामाजिक न्याय' घातला. तिने माझ्या खुणांचा कागद तुझ्या फाइलला शेहेचाळिसावं पान म्हणून लावला आणि पाठवताना स्वतःचाच मजकूर पाठवला. हे मला बुधवारी कळलं. बरं झालं.

तिला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही पूर्ण मिळाली. पत्र आलं तेव्हा तू होतास. तू ते छापून फाइलला लावलंस. त्यानंतर आठ दिवसांनी दुपारी रेकॉर्डरूममध्ये खुर्चीत बसल्या बसल्या तू गेलास. त्या आठ दिवसांत तू होकार कळवला नव्हतास. का, ते मला वहिनींनी सोमवारी सांगितलं. अगदी सहज, चहा गाळता गाळता.

"हे म्हनायचे, बापट एकदा हो म्हनू दे. मंग टाकतो सही."

उत्तम, मी तुला काय सांगू? माझ्या हो-ला कुणी विचारत नाही. माझ्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या बैठकीलाही मला बोलवत नाहीत. आणि तू एका सहीसाठी आठ दिवस माझी वाट बघत बसलास. त्यातल्या पाच संध्याकाळी मी तुझ्या गॅलरीत होतो! त्या पाचही संध्याकाळी मी त्या झाडाखालच्या मुलांची नक्कल केली.

होकाराची मुदत आता या शुक्रवारी संध्याकाळी पाचची होती. तू गेल्याचं कळल्यावर कॉलेजने ती तीन आठवड्यांनी वाढवून दिली होती, याहून जास्त जमणार नव्हतं. आणि मैत्री सोमवारी म्हणाली, "मी नाही जाणार."

 वहिनींनी माझ्याकडे बघितलं. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईच्या नजरेत एवढंच होतं की तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही काहीतरी म्हणा.

मी म्हणायला लागलो. तुझी बाजू मांडायला लागलो. वर्षभर ज्या कॉलेजची खिल्ली उडवली त्याच्या बाजूने मी मैत्रीसमोर वकिली करत होतो, आणि तुझी मुलगी माझंच बोलणं मला शब्दाला शब्द परत देत होती.

"काका, तिथे मी संदर्भग्रंथ म्हणून जाऊ?"

"अगं, ते मी गमतीत..."

"विचारवंताची जागा मंजूर झाली का?"

"मैत्री, ऐक..."

"इथे बेलापूरला बी.एस्सी.ला ॲडमिशन मिळतेय. घरून जाऊन येऊन करीन. मम्मी एकटी पडणार नाही. तुम्हीच म्हणायचात ना, झाडं इथे पण आहेत?"

सगळं पाठ होतं तिला. माझी विरामस्थळंसुद्धा. उत्तम, माणसाने आपल्या विनोदांवर कधी इतका खर्च करू नये की तेच घर धरून बसतील.

मंगळवारी मी एकटाच पावसाचं पाणी साठवायच्या त्या होल्डिंग पाँडच्या कडेने चाललो. तुझे मुद्दे आठवायचा प्रयत्न करत होतो. दुसऱ्या दिवशी तिच्याशी परत बोलायचं होतं आणि माझ्याकडे तुझा एक मुद्दा हवा होता, एक तरी, अख्खा. मी अक्षरशः घाम येईपर्यंत आठवलं. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, तुला माहीत आहे. कोणत्या साहेबाने कोणत्या साली कोणता शब्द चुकीचा वापरला ते मी सांगू शकतो. तुझं मला काय आठवलं सांगू?

'अरे, पण ती जर...'

'मला काय वाटतं, की तिथे...'

'आमच्या गावाला कसं, की...'

'तू म्हणतोस ते ठीक, पण एक...'

एवढंच. बावीस वर्षांच्या माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राच्या माझ्याकडे फक्त सुरुवाती आहेत. पुढचं सगळं माझं आहे. मी दयाळूपणे तुझी वाक्यं पुरी करत आलो. लोकांसमोर तुझी फजिती होऊ नये म्हणून सुरू केलं असेल कधीतरी, मग सवय झाली, मग मला वाटायला लागलं की मी तुला ओळखतो. तुला माझं पुरवलेलं पटत नसलं तरी 'नाही, मला ते म्हणायचं नव्हतं' हे इतकं लांब वाक्य उच्चारण्यापेक्षा मान हलवणं सोपं होतं. तू किती वेळा नुसतीच मान हलवलीस, सांगशील?

पाँडच्या कडेला एक बाई कुत्र्याला फिरवत होती. ती थांबून म्हणाली, "अंकल, आप ठीक हो?" मी म्हटलं, "हां, हां, मॉर्निंग वॉक." संध्याकाळचे सहा वाजले होते.

बुधवारी मी परत गेलो. मैत्री तुझी फाइल मांडीवर घेऊन बसली होती. मी काही तयारी करून गेलो नव्हतो. मी म्हटलं, "मैत्री, मला तुझ्या वडलांचं म्हणणं माहीत नाही. मी त्याला कधी पुरतं बोलू दिलं नाही. तुला माहीत असेल तर मला सांग."

ती बराच वेळ टॅगचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पप्पा तुम्हाला बोलले नाहीत, तिकडे गेलो होतो तेव्हा वर्गात काय झालं ते?"

मी आठवलं. फेब्रुवारीत तुम्ही दोघं कॉलेज बघायला गेला होतात, पालकांसाठी ठेवलेला दिवस होता. परत आल्यावर मी विचारलं, कसं होतं? तू म्हणालास, "चां... चांगलं." मी म्हटलं, "जेवण ना?" आणि तू मान हलवलीस.

तेव्हा आता तिने सांगितलेलं तुला सांगतो. तुला माहीतच आहे. पण मला कळलंय हे तुला कळू दे.

त्यांनी पालकांना मुलांबरोबर एका वर्गात बसवलं. वीसेक माणसं गोल बसलेली. चपला घातलेल्या एक साध्याशा बाई शिकवत होत्या. त्यांनी भिंतीवर एका गावाचा जुना नकाशा लावला आणि विचारलं, "यात काय नाही?" पालक भराभर उत्तरं द्यायला लागले. कुणी म्हणालं प्रमाण नाही, कुणी म्हणालं उत्तर दिशा नाही, कुणी इंग्रजीत बरंच काही म्हणालं. मग त्या तुझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

"पप्पा 'वि'वर अडकले," मैत्री म्हणाली. "वि... वि... आणि पुढे येईचना. सगळे खाली बघायला लागले. माझ्या बाजूच्या मुलीचे वडील म्हणाले, 'विभाग? विस्तार?' तर मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. नुसता हात. काही बोलल्या नाहीत. आणि थांबल्या. काका, एक मिनिट असेल पूर्ण. जास्तच. माझ्या तर कानातून वाफा निघत होत्या. कोणी हलत नव्हतं."

आणि मग तू म्हणालास, "विहीर दाखवलीय. पण तिच्यावर पाणी कोणी भरायचं आणि कोणी नाही, ते नकाशात नाही."

बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. मग तू बोलत राहिलास. गावाबाहेरच्या वस्तीबद्दल, वस्तीतून शाळेत जायच्या वाटेबद्दल, जी वाट तुमच्या गावच्याही कुठल्याच नकाशात नाही, कारण ती बांधावरून जायची आणि बांध दुसऱ्याचा होता. रेकॉर्डरूममधल्या नकाशांत तू ती शोधली होतीस. दहा मिनिटं बोललास म्हणे, मधे मधे अडकत, आणि दर वेळी सगळे थांबले. मैत्रीने तुला सलग इतकं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मीही नाही, उत्तम. त्या वाटेबद्दल तू मला कधीच सांगितलं नाहीस. चूक. 'आमच्या गावाला कसं, की...' इथपर्यंत सांगितलंस. माझ्या आजोबांच्या घरात पुस्तकांचं कपाट होतं आणि विहीर मागच्या अंगणात होती. त्यामुळे पुढचं वाक्य मी कुठल्या विहिरीतून काढत होतो देव जाणे.

"बसमध्ये परत येताना पप्पा काय म्हणाले माहीत आहे?" मैत्री म्हणाली. "म्हणाले, तुला इथे यायचंय का ते तू बघ. मला यायचंय."

आम्ही दोघंही हसलो. वहिनी आतून बघायला आल्या, तिला हसताना ऐकून.

मी म्हटलं, "मग? मग का जात नाहीस?"

आणि ती रडायला लागली. तू जाऊन तीन आठवडे होत आले होते, तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. "कारण त्या एका मिनिटात मी पण खाली बघत होते, काका. मला वाटत होतं, पप्पा, प्लीज गप्प बसा. प्लीज. मी मनातल्या मनात म्हणत होते, कोणीतरी शब्द द्या त्यांना आणि संपवा हे. मी त्याच वर्गात जाऊन बसू? रोज?"

 जिभेवर तीन वाक्यं तयार होती, तिन्ही चांगली होती. एकही बोलण्यासारखं नव्हतं. एवढंच म्हटलं, "तू एक मिनिट खाली बघितलंस. मी बावीस वर्षं."

तिने काही ते मनावर घेतलं असं दिसलं नाही. नाक पुसून फाइल कपाटात ठेवून आली.

शुक्रवारी मी दुपारपासूनच तुमच्याकडे होतो. दोन वाजले, तीन वाजले. मैत्री मोबाइल हातात घ्यायची, ठेवायची. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्या तांदळात खडे नव्हते, मला दिसत होतं. मला तुझा इतका राग आला उत्तम, सांगू नये इतका. तू छापलंस, भोकं पाडलीस, शिक्के मारलेस, आणि सहीचं तेवढं ठेवून गेलास. आणि कुणावर ठेवून गेलास!

पावणेपाचला फोन वाजला. कॉलेजमधून एक बाई बोलत होत्या. मैत्रीने स्पीकर लावला, बहुतेक तिला एकटीला तो आवाज ऐकायचा नव्हता. त्या म्हणाल्या, तुझ्या वडलांचं कळलं, वाईट वाटलं. तुझ्यावर दडपण आणायचं नाही. पण आज आम्हाला कळवावं लागेल. तू येते आहेस का?

मैत्री गप्प.

मी माझ्या खुर्चीत पुढे सरकलो. 'येईल हो ती, जरा गोंधळलीय,' हे वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं होतं. त्याच्यामागे दुसरंही होतं, 'राहू दे, तिची आई एकटी आहे.' दोन्हीतलं कोणतंही मी तितक्याच सफाईने म्हटलं असतं, हीच तर माझी लायकी आहे. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. फोनवरची बाईही काही बोलली नाही. वहिनींचे हात तांदळात थांबले. भिंतीवरच्या घड्याळात सेकंदकाटा नाही, नाहीतर मी मोजलं असतं.

"येते," मैत्री म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती माझ्यावर ओरडली. "तुम्ही काहीतरी बोलायचं होतंत ना, काका! एरवी कधी गप्प बसता का तुम्ही?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मला अजून ते कॉलेज आवडत नाही, हे तुला खोटं कशाला सांगू? त्या माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर माझ्याकडे आलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. तिथे सगळे त्या चपला घातलेल्या बाईंसारखे असणार नाहीत. जेवणाच्या टेबलावर कुणीतरी तिला तुझ्या गावाबद्दल गोड आवाजात विचारेल आणि तिचा घास अडकेल. ती एखाद्या सुट्टीत परत येईल आणि म्हणेल, तुम्ही बरोबर होतात काका. त्या दिवशी मी काय करू? बरोबर ठरण्याची इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि समजा ती तिथे रमली, तर वहिनी या दोन खोल्यांत काय करतील, आणि मी संध्याकाळी कुणाच्या दाराशी जाऊ, तेही मला माहीत नाही.

आज सकाळी वसतिगृहाचा फॉर्म आला. मैत्री भरत होती. एका पानावर प्रश्न होता: 'आपल्या पाल्याबद्दल आम्हाला काय सांगू इच्छिता?' खाली अर्धं पान रिकामं.

"भाऊजी, तुमी लिहा," वहिनी म्हणाल्या. "तुमाला येतं."

मी पेन काढलं. म्हटलं, "वहिनी, तुम्ही सांगा. मी तुम्ही म्हणाल तेच लिहितो."

"मला काय सांगता येतंय?"

"बघा."

त्या भिंतीला टेकून बसल्या. पुष्कळ वेळ गेला. मग सांगायला लागल्या, एकेक वाक्य, मधे थांबत, आणि मी लिहीत गेलो. लेकरू सकाळी लवकर उठत नाही, दोनदा हाक मारावी लागते. ताप आला तरी सांगणार नाही, अंगाला हात लावून बघावा. भांडली की जेवत नाही. तेव्हा बोलवू नका, ताट झाकून ठेवा, मग येऊन खाते.

"अजून?" मी विचारलं.

"लिहा," वहिनी म्हणाल्या, "तिचे वडील वारले म्हणून तिच्याशी हळू आवाजात बोलू नका. चुकलं तर रागवा."

मी 'वारले'पाशी थांबलो नाही, त्याचं 'निधन झाले' केलं नाही. लिहिलं.